पूजेतले पेचकस

पन्नास सालानंतरची गोष्ट. कोल्हापुरात एका डॉक्टरांच्या लॅबोरेटरीत मी रक्त, बेडका तपासायचं काम करायची. तिथला सूक्ष्मदर्शक बिघडला की माझे वडीलच तो दुरुस्त करायचे. आप्पा घड्याळजी. सूक्ष्मदर्शकाची म्हणून वेगळी हत्यारं आम्ही कधी पाहिलीच नाहीत. घड्याळाचे बारीक पेचकस, चिमटा, धूळ उडवायची रबरी फुंकणी आणि भिंग पुसायला मऊ कातड्याचा तुकडा, एवढ्यावर भागायचं. शेवटी बारीक रेघा आखलेली एक काच खाली ठेवून बघायची. रेघा कडेपर्यंत स्वच्छ दिसल्या की यंत्र ठीक.

त्या वर्षी पावसाळा सरला तरी आप्पांचा खोकला हटेना. संध्याकाळी अंग तापायचं. इचलकरंजीच्या मागांवरची माणसं असाच खोकला घेऊन यायची, त्यांच्या बेडक्याच्या काचा मी रोज बघत होते. क्षयाची शंका डॉक्टरांनी मला एकटीला बोलून दाखवली, पण आप्पा काही खुळे नव्हते. तपासणीचं नाव काढलं की ते गिऱ्हाइकाचं घड्याळ कानाला लावून बसायचे. माझ्या हट्टापुढे अखेर खंडेनवमीच्या सकाळी त्यांनी बेडका दिला. मी काच रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तर वरची नळी आपोआप खाली घसरायला लागली. स्क्रू ढिले झाले होते. नळी काचेवर आपटली असती तर भिंगच गेलं असतं.

तशीच घरी गेले. हत्यारं पाटावर मांडलेली, हळदकुंकू लावलेलं, वर झेंडूची फुलं.

"आप्पा, एक पेचकस द्या. लगेच परत आणते."

"आज हत्यार उचलायचं न्हाय. उद्या बघू की."

माझं डोकंच फिरलं. "गेल्या वर्षी याच दिवशी शेजारच्या मास्तरांचं घड्याळ उघडलंत, ते? तेव्हा कुठं गेला होता धर्म?"

एरवी अरेला का रे करणारा माणूस, त्या दिवशी पाटावरची फुलं उगाच सारखी करत बसला. मग मला कळलं. ती देवाची भीती नव्हती. आप्पा एक दिवस मागून घेत होते. मला भांडवेना आणि तिथं उभंही राहवेना. मी तशीच परत गेले.

दसऱ्याला पूजा उचलली आणि ते न बोलावता लॅबोरेटरीत आले. पेचकसावरचं कुंकू धोतराच्या सोग्यानं पुसलं. दोन्ही बाजूंचे स्क्रू थोडे थोडे आवळत नळी वरखाली करून पाहिली. खोकल्याची उबळ आली तेव्हा तेवढे दाराबाहेर जाऊन आले. मग रेघांची काच ठेवून म्हणाले, "बघ. दिसतंय का नीट?"

"दिसतंय."

"मग आता माझी लाव."

मी लावली. निळ्या रंगावर तांबड्या बारीक काड्या, क्षयाचे जंतू. आधी एक दिसली, मग शेजारी आणखी दोन. भिंगावरून डोळा काढवेना, कारण काढला की त्यांच्याकडे बघावं लागणार होतं.

"दिसतंय?" आप्पांनी पुन्हा विचारलं.

"दिसतंय, आप्पा."

मी उठून त्यांच्याजवळ जायला निघाले, तशी ते दोन पावलं मागं सरले. हातातला पेचकस त्यांनी टेबलाच्या कडेला ठेवला.

"स्पिरिटनं पुसून घे," म्हणाले, "मग हात लाव."