भाकरी उलटायचा श्वास

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात या पदवीचा हात आहे. अळणावरला अप्पा लाकडाच्या डेपोत ओंडके रचायचे. आई गेली तेव्हा माझी मोठी बहीण, अक्का, नववीत होती. तिने शाळा सोडली, चूल घेतली, म्हणून मी पुढे रोज गाडीने धारवाडला कॉलेजला जाऊ शकलो. आता मी गोकुळ रोडवरच्या पंपाच्या एका कारखान्यात खरेदी बघतो आणि आम्ही दोघं केशवापूरला दोन खोल्यांत राहतो. तिचं लग्न राहून गेलं, माझंही.

मी चाली लावतो. पेटी येत नाही, स्वरलिपी येत नाही, मोबाईल आहे. लेथ सुरू झाली की तिच्या घुमण्याला धरून काहीतरी सुचतं. मग मी स्टोअरच्या मागे जाऊन ते फोनमध्ये गुणगुणून ठेवतो. फोनमध्ये तानपुरा आहे, तबल्याचा ठेका आहे, सूर हलला की वर-खाली होणारी रेघ आहे. लेथवरचा कामगार विचारायचा, "काय साहेब, बायको नाही तर फोनवर लाडीगोडी कुणाशी?" मी हसून सोडून द्यायचो. पण खरं सांगतो, माझी एकही चाल ध्रुवपदाच्या पुढे जात नव्हती. अंतरा कधी सुचलाच नाही.

अक्का भाकरी थापताना गुणगुणते. शब्द नसतात, नुसता सूर. थाप-थाप-थाप चालू असते, त्यावर तिचं गाणं चढत जातं. भाकरी तव्यावर टाकून वरून पाणी फिरवलं की ती थांबते. पाणी सुकेपर्यंत गप्प, मग उलथनं घालून भाकरी उलटते आणि तिथूनच पुढचा सूर उचलते. लहानपणापासून ऐकतोय, त्यामुळे कधी ऐकलंच नव्हतं. एके सकाळी माझं काहीतरी टिपून झाल्यावर रेकॉर्डिंग बंद करायचं राहिलं, फोन मिठाच्या बरणीला टेकून तसाच पडला. दुपारी कारखान्यात ऐकलं. ध्रुवपद होतं, अंतरा होता, परत येणंसुद्धा होतं. मी डबा तसाच झाकून ठेवला.

आमच्या भजनी मंडळात एक रीत आहे. दत्तजयंतीला दरवर्षी एका जुन्या अभंगाला नवी चाल लावायची, आणि ज्याची चाल असेल त्याला सगळ्यांसमोर उभं करून नारळ द्यायचा. चालीचा नारळ म्हणतात त्याला. बाहेरून पाहणाऱ्याला त्यात काय एवढं असं वाटेल. मला तो नारळ हवा होता.

आठ-दहा दिवस मी त्या चालीवर काम केलं. थापांचा आवाज काढून टाकला, पाण्याचा चर्र काढून टाकला. ठेका लावला तर ती ओळ तालात बसेना. उलटायच्या जागी कधी तीन मात्रा जास्त, कधी पाच. मला वाटलं, शिकलेली नाही, ताल कच्चा आहे. ती जागा कापून मी दोन्ही बाजू जोडून टाकल्या. वर अभंगाचे शब्द बसवले. फोन भरत आला होता म्हणून मूळ फाईल पुसली. जी राहिली तिला माझं नाव दिलं.

मंडळाचे बुवा निवृत्त मास्तर. त्यांनी नारळ हातात देताना माइकवर सांगितलं, "आपल्या पदवीधरानं यंदा कमाल केली!" टाळ्या झाल्या. अक्का बायकांमध्ये तिसऱ्या रांगेत बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

परतताना ती माझ्या पुढे चालत होती. मीच विचारलं, "कशी वाटली, अक्का?"

"चांगली झाली. मधला श्वास काढलास काय रे?"

"कुठला?"

"भाकरी उलटायचा."

"तो मात्रेत बसत नव्हता."

"हां," ती म्हणाली. "शिकलेला आहेस तू."

टोमणा असता तर भांडता आलं असतं. तिने ते खरंच मानून म्हटलं. घराशी पोचेपर्यंत माझ्या हातातला नारळ जड झाला होता. मी म्हटलं, "मी बुवांना सांगतो, चाल तुझी आहे."

"होगली बिडु, तम्मा," ती म्हणाली. कानडीत, जाऊ दे रे धाकट्या, एवढंच. दुसऱ्या दिवशी त्या नारळाची चटणी झाली आणि माझ्या डब्यात आली.

बुवांना मी सांगितलं, पण लगेच नाही. तीन आठवडे गेले. ते मोठ्यानं हसले. "बहिणीचं कौतुक असावं तर असं! अहो, ती बाई टाळसुद्धा हातात धरत नाही." मी म्हटलं, माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे. आणि म्हणता म्हणता आठवलं की नाही.

घरी येऊन मी फोन चालू केला. "अक्का, ती चाल परत म्हण. तुझ्यासारखी."

तिने परातीतला हात थांबवला आणि सुरुवात केली. पहिली ओळ तिची होती. दुसरीला ती माझ्या जोडलेल्या जागेवरून सरळ पुढे गेली, न थांबता. तिलाही कळलं. परत सुरुवात केली, परत तेच. गल्लीतल्या बायका आता तीच चाल म्हणतात, नळावर, दारात. दिवसभर तीच कानावर पडते.

"आता तुझीच येते तोंडात," ती म्हणाली आणि पिठाला लागली.

त्यानंतर ती गुणगुणलेली नाही. रागावली आहे असंही नाही. डबा भरते, ताप आला तर कपाळाला हात लावते. मी रोज सकाळी फोन बरणीला टेकवून ठेवतो. संध्याकाळी ऐकतो तेव्हा थापा असतात, पाण्याचा चर्र असतो, मग ती गप्प जागा, मग उलथनं. हे काही मी आता कापत नाही.

काल ती म्हणाली, "तम्मा, फोन तिथे नको ठेवू. गॅसजवळ तापतो."

मी तो उचलून खिडकीत ठेवला. तिथून थापासुद्धा नीट येत नाहीत.