चढावरचं मिसिंग

ताईने निवृत्त झाल्यावर गाडी घेतली ती दोन सीटची, छप्पर मागे दुमडणारी, परदेशी बनावटीची जुनी स्पोर्ट्‌स कार. आयुष्यभर कॉलेजात फिजिक्स शिकवलं, लग्न केलं नाही, आणि आता ही गाडी. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत ती खालच्या मजल्यावर राहते, मी वरच्या. गाडी पहिल्यांदा पार्किंगमध्ये उभी राहिली तेव्हा शेजारचे काका म्हणाले, "वा! पिशवीभर भाजी कुठे ठेवणार?" ताई म्हणाली, "भाजी तुम्ही आणा. मी समुद्रावर जाणार आहे."

ताम्हिणी उतरून कोकणात जायचं, छप्पर उघडं टाकून, आणि गाडी तिने चालवायची, असा बेत होता. मी शेजारी बसणार होतो.

पण पहिल्याच आठवड्यात पिरंगुटच्या घाटात गाडीने दगा दिला. सपाटीवर मजेत चालली होती. चढ लागला, ताईने अॅक्सिलरेटर दाबला आणि इंजिनाने एकदम श्वास अडकल्यासारखा झटका दिला. मग पुन्हा नीट. पुढच्या वळणावर पुन्हा तसंच. गंमत म्हणजे घरी परत येईपर्यंत एकदाही काही झालं नाही.

"मिसिंग मारतेय," गॅरेजवाले म्हणाले, पण त्यांच्याकडे नेली की ती शहाण्यासारखी वागायची. त्यांनी प्लग बदलले, फ्युएल फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ करून दिले. प्रत्येक वेळी आम्हाला वाटायचं, गेलं दुखणं. आणि दोन-तीन फेऱ्या बऱ्या गेल्या की चढावर पुन्हा तोच झटका.

शेवटी ताई म्हणाली, "आपणच शोधू. मोजल्याशिवाय आता काही बदलायचं नाही."

तेव्हापासून आमचे रविवार गाडीखाली आणि बॉनेटखाली जाऊ लागले. मी खराडीत सॉफ्टवेअरचं काम करतो. आठवडाभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि रविवारी या गाडीच्या. पण खरं सांगतो, ते रविवार फार चांगले होते. लहानपणी ती मला गणित शिकवायची तशीच आताही शिकवत होती, फक्त दोघांचे हात काळे व्हायचे. आम्ही पेट्रोलच्या दाबाचा गेज काचेबाहेर चिकटपट्टीने लावून घाटात गेलो. झटका बसला, पण काटा हलला नाही. "म्हणजे पेट्रोल पोचतंय," ताई म्हणाली. "आता विजेकडे बघायचं."

मध्येच ती म्हणायची, "अरे, बंद तर पडत नाही ना? जाऊन येऊ की तशीच."

मी म्हणायचो, "ताम्हिणीत, वळणावर, मागून ट्रक आणि गाडी अडखळली तर? पूर्ण बरी होऊ दे, मग जाऊ." तिला ते पटायचं. फिजिक्सवाली होती, अर्धवट उत्तर तिलाही चालत नसे.

असा पावसाळा गेला, हिवाळा गेला, पुन्हा पावसाळा आला.

एका रविवारी मी मल्टिमीटरच्या वायरी लावल्या आणि तिला आकडा विचारला. ती मीटर डोळ्यांजवळ नेऊन, मान तिरकी करून बघत राहिली. म्हणाली, "तूच वाच. मधला आकडाच दिसत नाहीये." मला वाटलं, मीटरचा सेल उतरला असेल.

मीटर ठीक होता. तिच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर, बरोबर मध्यभागी, डाग पडला होता. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली. आहे ती नजर टिकवायचा प्रयत्न करू, म्हणाले. गेलेली परत येईल असं म्हणाले नाहीत. दवाखान्यातून बाहेर आल्यावर रिक्षात तिने किल्ली माझ्या हातात दिली. "आता मी चालवणं म्हणजे गुन्हा आहे," एवढंच म्हणाली.

दोष सापडला तो त्यानंतर. इंजिनात येणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरची वायर मी लांब वायरींनी मीटरला जोडली आणि मीटर गाडीच्या आत घेतला. घाटात झटका बसला त्या क्षणी आकडा शून्यावर पडला आणि परत वर आला. घरी येऊन इंजिन चालू ठेवलं आणि ती वायर हळूच ओढली. इंजिन अडखळलं. पुन्हा ओढली, पुन्हा अडखळलं. आधीच्या कुणीतरी वायरींची जुडी फार आवळून बांधली होती. चढावर जोर लागला की इंजिन रबरी माउंटवर किंचित कलायचं, वायर ताणली जायची आणि आवरणाच्या आत तुटलेली तार क्षणभर सुटायची. बाहेरून वायर अगदी धडधाकट.

नवा तुकडा जोडायला फार वेळ लागला नाही. ताई बोटांनी ती तुटकी वायर चाचपत म्हणाली, "एवढंच होतं?"

मग आम्ही गेलो. ताम्हिणीच्या अलीकडचे चढ चढताना इंजिन एका सुरात चाललं होतं. छप्पर उघडं होतं. ती डोळे मिटून ऐकत होती. समुद्राच्या अलीकडे एक लांब, सरळ, मोकळा रस्ता लागला. ना माणूस, ना गाडी. ती म्हणाली, "थोडंसं मला दे ना. पहिल्या गिअरमध्ये. तू शेजारी बस, रस्ता सांग."

मी म्हणालो, "नको ताई."

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली आणि ओढणी डोक्याला घट्ट बांधून घेतली.

माझं बरोबरच होतं. तरीही तो रस्ता अजून डोळ्यांसमोर येतो. तिथे गाडी दिली नाही ते ठीक, पण निदान त्या पहिल्या हिवाळ्यात, तिची नजर शाबूत होती तेव्हा, झटके खात का होईना आम्ही का निघालो नाही, हा विचार सुटत नाही. अजूनही रविवारी मी तिला फिरवून आणतो. ती शेजारी बसते, गिअर कधी बदलायचा ते आवाजावरून सांगते. चालवायला मात्र तिने पुन्हा कधी मागितलं नाही.