डिस्पॅचच्या बाईंची पाच मिनिटं

सुप्याच्या एमआयडीसीत पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात मी कम्प्युटर सांभाळायला होतो. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी पुण्याहून शिकून आलेला, नोकरी अजून कायम व्हायची होती, तरी शिंगं मात्र आधीच फुटली होती.

ऑर्डरी, माल, गाड्या, सगळं काम नुकतंच ब्राउझरवर आलं होतं. एका सर्व्हरला ते पेलेना म्हणून दुसरा आणला आणि दोघांच्या पुढे लोड बॅलन्सर बसवला. पाटकरी जसा पाटाचं पाणी या शेताला नि त्या शेताला बारी लावून देतो, तसं हे यंत्र येणारं काम दोन सर्व्हरांत वाटून द्यायचं. नावात 'लोड' आहे म्हणून कँटीनवाल्यानं विचारलं, आता लोडशेडिंग बंद होणार का? मी त्याला हसलो. तेव्हा मी सगळ्यांनाच हसायचो.

डिस्पॅचला एक बाई होत्या, चाळिशीच्या. बारा वर्षं पॅकिंगमध्ये उभं राहून काढलेली, मग सुट्टीच्या दिवशी नगरला जाऊन टायपिंगची परीक्षा दिली, तेव्हा कुठे त्यांना ती खुर्ची मिळाली होती. नवं यंत्र बसलं आणि त्यांचेच फॉर्म गायब व्हायला लागले. बाकी कुणाचे नाही, फक्त त्यांचे. गाड्या फाटकाशी खोळंबायच्या, ड्रायव्हर हॉर्न वाजवायचे आणि मॅनेजर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायचे.

एक दिवस मॅनेजरांसमोरच बाईंनी मला सांगितलं, "साहेब, मी निम्मा फॉर्म भरते, खोकी मोजून येते, आन् आले की सगळं पुसलेलं असतं. मी उगं काय बी दाबत न्हाई."

सगळं ऑफिस ऐकत होतं. मी म्हणालो, "बाई, कम्प्युटर विसरत नाही. माणूस विसरतो."

दोघंतिघं हसले. बाई पदर सावरून पुन्हा पहिल्यापासून फॉर्म भरायला लागल्या. मी रिपोर्टमध्ये लिहिलं की यंत्रात दोष नाही, ऑपरेटरची चूक आहे. खाली झोकात सही ठोकली. पुढच्याच आठवड्यात बाई परत पॅकिंगला गेल्या आणि त्यांच्या खुर्चीवर दुसरं माणूस बसलं.

महिनाभरानं मी सहज तोच फॉर्म भरून बघत होतो. अर्ध्यात फोन आला, दहाएक मिनिटं बोलण्यात गेली. परत येऊन बटण दाबलं, तर फॉर्म कोरा. मी लगेच बॅलन्सरची सेटिंगं उघडून बघितली.

झालं होतं ते साधं होतं. अर्धा भरलेला फॉर्म ज्या सर्व्हरपाशी असतो, त्याच्याचकडे त्या माणसाला परत पाठवायचं, हे बॅलन्सरला लक्षात ठेवावं लागतं. ते किती वेळ ठेवायचं, तो आकडा मी घातलेला होता. पाच मिनिटं. का पाच? काही नाही, उगाच. बाकीचे लोक पॅकिंगकडून आलेल्या चिठ्ठीवरचा आकडा बघून दोन मिनिटांत फॉर्म उरकायचे. माल चढवायच्या धक्क्यावर जाऊन एकेक खोकं हात लावून मोजणाऱ्या, अख्ख्या कारखान्यात बाई एकट्याच. त्या परत येईतो यंत्र त्यांना विसरलेलं असायचं आणि भलत्याच सर्व्हरकडे पाठवायचं. बाईंनी तर मला कारणच सांगितलं होतं, आणि मी हुशार, मला ते ऐकूच आलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही, आणि इथे तर चोरानंच निकाल दिला होता.

पाचाचे साठ केले. अर्ध्या मिनिटाचं काम. मॅनेजरांच्या केबिनपर्यंत गेलो, दारातून आत पाहिलं, नोकरी कायम व्हायची आहे हे आठवलं आणि पाणी पिऊन परत आलो. कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नाही. मला याची लाज वाटते. तेव्हाही वाटली होती, पण त्या लाजेनं काही माझे पाय हलले नाहीत.

पुढे दोनेक महिन्यांनी कंपनीच्या बसमध्ये चढलो तर जागा नव्हती. पुढच्या सीटवर बाई होत्या, चपला काढून पोटऱ्या चोळत बसलेल्या. मला बघून अवघडल्या आणि त्यांनी घाईघाईनं पाय खाली घेतले.

"तुमाला लई तरास दिला मी, साहेब," त्या म्हणाल्या. "माझ्या डोक्यातच न्हाई शिरलं ते कम्प्युटरचं."

आता सांगावं, असं मनात आलं. शब्द अगदी ओठापर्यंत आले होते.

"होतं असं, बाई," मी म्हणालो.

त्या खिडकीकडे सरकल्या आणि बसा म्हणाल्या. मी बसलो.