सागवानी जमीन आणि शिडातली वाळू

आधी त्या जमिनीचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. जमीन म्हणजे शेताची नव्हे हो. मांडव्याच्या बाजूला एका शेठचा बंगला होता, दर्याकडे तोंड केलेला, आणि त्याच्या दिवाणखान्यात सागवानी फळ्यांची जमीन होती. लाकूड म्हणे ब्रह्मदेशातून आणलेलं. आमच्याकडे घराला शेणाचं सारवण, फार तर चुन्याचा कोबा. ही मात्र अशी गुळगुळीत, की सकाळी कवाडं उघडली की खिडक्या तिच्यात उतरायच्या. मी ती मऊ फडक्याने पुसायची, मेण चोळायची. ओलं पाऊलसुद्धा टाकायची सोय नव्हती.

आमचे घरधनी त्या बंगल्याचे राखणदार. आम्ही कोळी माणसं, पण सासऱ्यांची होडी खडकावर फुटली, त्यातच ते गेले, आणि कोळीवाड्यातलं घर दिरांकडे राहिलं. दिरांशी बोलणं नव्हतं. बंगल्यामागच्या दोन खोल्या एवढंच आमचं छप्पर. त्यातल्या आतल्या खोलीत सासूबाई पडून. अंगावरून वारं गेलेलं, डावी बाजू लुळी. कूस बदलायला दोघं लागायचे. वैद्यबुवांनी बजावलं होतं, हिला गाडीत घालून कुठे नेऊ नका, धक्क्यानेच जाईल. आमच्या आधीच्या राखणदाराने पलंग ओढताना जमिनीवर एक रेघ पाडली, तर त्याला दुसऱ्या दिवशी बिऱ्हाड उचलायला लावलं होतं. त्याच खोल्यांत आम्ही राहायला आलो, म्हणजे बघा.

शेठला खेळांचा भारी नाद. खिडकीखाली त्यांचं एक कपाट होतं, शिसवीचं, माझ्याहून उंच. वरच्या खणांत सोंगट्या, बुद्धिबळं, हस्तिदंती गोळे, आणि खालचा भाग ओढला की त्याचं टेबल व्हायचं. टेबलाच्या पोटात पाटीचा अखंड दगड. तो सपाट असतो म्हणून गोळा सरळ जातो म्हणे. मुंबईहून पडावातून ते उतरवलं तेव्हा हमालांची टोळी आली होती, त्यांचेही घाम निघाले.

तर खाऱ्या वाऱ्याने त्या कपाटाचे खण फुगले, उघडेनात. वैशाखात शेठ पाहुणे घेऊन यायचे. त्याच्या आधी मुनीम आले आणि म्हणाले, कपाट आतल्या भिंतीला लावून ठेवा. हमाल मागितले तर हसले. दर्यावर होड्या ओढता, तुम्हाला एक कपाट जड? जाता जाता फक्त एवढं म्हणाले, की जमिनीला नख लागता कामा नये.

आमचे हे त्या दिवशी जेवले नाहीत. कोळीवाड्यातून चुलतभावांना बोलावून आणलं. चांगली दणकट माणसं. एकजण कपाटाभोवती फिरला आणि म्हणाला, "खेलनार शेठ, आन् कंबर मोडनार आमची." तेवढंच हसलो त्या दिवशी.

त्यांची रीत होडीची. होडी वर घ्यायची तर खाली ओंडके घालायचे, वरून दोर, आणि एका सुरात ओढायचं. पण ओंडका लाकडावर फिरला की लाकूड चेपणार. मग सासूबाईंनीच आतून हाक घातली. जीभ जड, तरी ऐकू आलं. शीड पसरा, म्हणाल्या. जुनं जाड शीड चौपदरी घातलं की खालच्याला काही होत नाही, कपाट त्याच्यावर ठेवून शीडच ओढा. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. एका भावाकडे फाटकं शीड होतं. मी आणि त्याच्या बायकोने ते खाडीत नेऊन धुतलं, आपटलं, आणि दर्याकाठच्या पुळणीवर वाळत घातलं. आमचं सगळंच तिथे वाळतं, मासळी, जाळी, लुगडी. सुकल्यावर झटकलं, घडी केली, डोक्यावर घेऊन आले. बाई, कसं पांढरं निघालं, म्हणून कौतुकही केलं.

कपाटाचा एकेक पाय उचलून खाली शीड सरकवलं. मग ओढायला लागले. कपाट हललं. हळूहळू चाललं. यांच्या चेहऱ्यावर रंग आला. मी पुढे होऊन दोराखाली पोतं धरत होते, तर मला एक आवाज यायला लागला. जात्यात खडा जावा तसा. आधी वाटलं दगडच वाजतोय पोटातला. मग कपाटामागे जाऊन वाकले आणि मागे पडलेली शिडाची कड उचलली.

खाली पांढऱ्या रेघा. एक नव्हे, दोन नव्हे, नांगरट केल्यागत. खिडकीपासून ते कपाट आता जिथे आलं होतं तिथपर्यंत.

वाळू होती शिडात. शिवणीत, दुमडीत, धाग्याधाग्यात. आणि वर एवढा दगड. तुम्ही म्हणाल, एवढं कसं कळलं नाही? नाही कळलं. आमच्या लेखी वाळू म्हणजे घाण नव्हेच. ती अंथरुणात असते, भातात येते, पोरांच्या केसांत असते. धुतलेल्या कापडात वाळू असली म्हणून ते कोणी मळकं म्हणत नाही.

हे खाली बसले. डोकं कपाटाला टेकवलं. भाऊ दोर हातात धरून उभे. पुढे ओढावं तर रेघा वाढणार, मागे घ्यावं तर दुप्पट. आणि दिवाणखान्याच्या मधोमध ते काळं धूड. आतून सासूबाई विचारत होत्या, झालं का, लागलं का भिंतीला.

माझ्या माहेरी श्रीवर्धनला पोफळीच्या वाड्या. पोफळीचं झावळ गळतं तेव्हा त्याच्या बुडाला चामड्यासारखी रुंद विरी असते. लहानपणी एकीने विरीवर बसायचं, दुसरीने ओढायचं, सारवलेल्या अंगणावरून कशी सरसर जायची. तेच आठवलं. बंगल्याच्या वाडीत पोफळी होत्या. चार ताज्या विऱ्या आणल्या, गोड्या पाण्याने धुतल्या, बोटांनी चाचपून चाचपून पाहिल्या. वाशाची तरफ केली, तिच्याखाली गोधडी, आणि एकेका पायाखालून शीड काढून विरी घातली. तिथून भिंतीपर्यंत कपाट गेलं, आणि तेवढ्या जमिनीवर काही उमटलं नाही. पण त्याचं काय करायचं? अर्धी जमीन तर आधीच गेली होती. खोबरेल चोळलं, कात उगाळून रेघांत भरला. रंग बसला, पण तिरप्या उन्हात सगळं दिसायचं.

शेठ आले. पाहुणे अजून यायचे होते. चपला बाहेर काढून ते आत आले आणि यांनी विचारायच्या आधीच सांगून टाकलं. शेठ ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. खाली बसले, एका रेघेवरून बोट फिरवत गेले, शेवटपर्यंत.

"तुमी दुसरी जागा बघा," म्हणाले. "हे लाकूड मला आता भेटनार नाय."

हे मान खाली घालून उभे. मी पदर ओढून दाराआड होते, तशीच पुढे झाले. कुठून बळ आलं ठाऊक नाही.

"शेठ, आमाला घालवा. पन सासूला उठवली तर ती वाटंतच जाईल. ती हाय तवर ऱ्हाऊ द्या."

शेठनी रेघेवरचं बोट उचललं.

"ती हाय तोपर्यंत," म्हणाले, आणि उठले.

आमच्या खोल्यांची भिंत कुडाची. पलीकडे सगळं ऐकू गेलेलं. मी आत गेले तर सासूबाई आढ्याकडे बघत होत्या. मी पायाशी बसले. जिच्या श्वासावर आमचं छप्पर टांगलेलं, तिची छाती कशी वरखाली होतेय तेच मी बघत बसले. त्यांनी उजव्या हाताने माझं मनगट चाचपलं.

"शीड मीच सांगितलं गो," म्हणाल्या.

मी म्हटलं, धुतलं मी, आई.

त्यांनी माझं मनगट सोडलं. मग म्हणाल्या, "पेज हाय का?"

होती. चमच्याने भरवायला लागले. अर्धी ओठाच्या लुळ्या बाजूने गळायची, ती पुसून पुन्हा भरवायची. एरवी दोन घासांत तोंड फिरवणारी बाई, त्या दिवशी वाटी संपली तरी तोंड उघडंच ठेवून राहिली.