बुटांची तोंडं

आगीच्या बंबाचं पितळ घासणारी काकू म्हणजे तोंडाची मोठी फटकळ. अग्निशमन केंद्राच्या साहेबालासुद्धा सुनवायची, "ओला हात लावू नका, डाग पडतो. पुसायला तुम्ही येणार आहात का?" बंब होता पणजोबांच्या काळचा, माणसांनी दांडे मारले की पाणी उडवायचा. भंगारातून उचलून आणून नव्यासारखा केलेला, अंगणात छपराखाली उभा. पण काकू काही पितळाच्या प्रेमापोटी येत नव्हती. तिचा नवरा याच केंद्रातला जवान. गोदामाच्या आगीत आत गेला तो गेलाच, हाडसुद्धा हाती लागलं नाही. सांत्वनाला आलेल्यांना हिने दारातूनच वाटेला लावलं. "गेले म्हणता, पाहिलंय कुणी?"

जवानांची एक रीत असते. ड्यूटीवर असेपर्यंत बुटांची तोंडं बाहेर, म्हणजे घंटा झाली की पाय घालून पळता येतं. ड्यूटी संपली की तोंडं आत. नवऱ्याचा जादाचा जोड काकूच्या उंबऱ्याबाहेर वर्षानुवर्षं रस्त्याकडे तोंड करून होता. झाडताना उचलायची आणि पुन्हा तसाच ठेवायची. "सुटी कुठे झालीय अजून त्यांची," म्हणायची. तिच्याशी वाद घालणार कोण?

हल्ली बंबाभोवती अनोळखी माणसं मोबाइल घेऊन घुटमळायला लागली. एका मुलीला तर काकूने चाकामागे हात घालतानाच धरलं.

"काय चोरतेस गं?"

"चोरत नाही हो, खेळ आहे. कुणीतरी डबी लपवतं, जागा मोबाइलवर टाकतं. सापडली की आतलं एक घ्यायचं, आपलं एक ठेवायचं."

"रिकामपणाचे उद्योग," काकू म्हणाली. पण मुलगी गेल्यावर तिला काही राहवेना. तिने डबी उघडली.

गोट्या, एक बटण, आणि तळाशी शिट्टी. धातू काळाठिक्कर, दोरा मात्र पिवळाधमक. गाठ दुहेरी, तिच्याच हातची. नवरा शिट्टी हरवायचा, म्हणून आगीच्या त्या सकाळी तिनेच गळ्यात बांधून दिली होती. सावलीतली ती शिट्टी कोमट लागत होती आणि तिला धुराचा वास येत होता.

साहेबाला हाक मारायची सोडून बाईने काय करावं? शिट्टी घेतली आणि कमरेची घराची किल्ली डबीत ठेवली. नवरा किल्ली नेहमी विसरायचा आणि दार बडवत बसायचा. परक्यांच्या खेळात कुणी घर ठेवतं का? हिने ठेवलं.

दुसऱ्या दिवशी डबीत किल्ली नव्हती. तेव्हा कुठे काकूला भीती वाटली. दुसरी किल्ली होती, ती घेऊन ती भरदुपारी घरी आली. दार लोटलं, खटक्याचं कुलूप आपोआप लागलं, पण आतून कडी घातली नाही. हात कडीकडे जाईना.

आधी धुराचा वास आला. मग कुलपात किल्ली फिरली. "आलात?" म्हणायचं होतं, पण ती भिंतीला टेकून खालीच बसली. दार बोटभर उघडलं आणि थांबलं.

बऱ्याच वेळाने ती उठली. बाहेर चिटपाखरू नव्हतं. बुटांचा तो जुना जोड ओलाचिंब झाला होता. एका बुटात किल्ली होती, आणि दोन्ही बुटांची तोंडं घराकडे होती.

काकू उंबऱ्यातच बसली आणि मोठ्याने रडली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. शेजारीण धावत आली, तेव्हा तिला म्हणाली, "साहेबांना निरोप दे. म्हणावं, आता या भेटायला. ह्यांची ड्यूटी संपली."