अवधूतची फाइल

विनोदिनीला एका जागी बसवत नव्हतं. उठायची, चहा टाकायची, तो उतू जाईपर्यंत पुन्हा संगणकापुढे. सांगलीत तिने आजवर कितीतरी पुस्तकं छपाईसाठी जुळवून दिली होती. माहेरच्या या एका पुस्तकाने मात्र तिला सळो की पळो करून सोडलं होतं.

पाटणकडच्या तिच्या गावात घरटी एक फौजी. गावाने त्यांचं पुस्तक काढायचं ठरवलं आणि तिचे वडील अण्णा, निवृत्त सुभेदार, समितीचे अध्यक्ष झाले. अध्यक्ष झाल्यावर माणूस नियम करतोच. अण्णांचा नियम असा, की ज्याचं पान त्याच्या घरच्यांनी लिहायचं, दुसऱ्याने त्याला बोटही लावायचं नाही. म्हणून प्रत्येक जवानाची फाइल वेगळी. मुख्य पुस्तकात विनोदिनीने नुसत्या नावांच्या ओळी घातल्या होत्या. पुस्तक चालवलं, म्हणजे संगणकाला ते जुळवायला सांगितलं, की प्रत्येक ओळ आपापली फाइल ओढून आणायची आणि तिचं पान व्हायचं.

एकच ओळ अडायची, तिच्या धाकट्या भावाची. अवधूत फौजेत भरती झाला आणि ट्रेनिंग अर्धवट टाकून परत आला. अण्णांनी त्याला उंबरा ओलांडू दिला नाही. तेव्हापासून तो फलटणला साखर कारखान्यात आहे आणि बापलेकांत बोलणं नाही. त्याची फाइल लिहिणार कोण? तरी या वेडीने अण्णांच्या नावाखाली त्याची ओळ घातली होती. दर वेळी संगणक तिथेच थांबून लाल अक्षरांत सांगायचा, फाइल सापडत नाही. ओळ पुसली असती तर काम फत्ते होतं. पण भावाला दुसऱ्यांदा घराबाहेर काढणं तिच्या जिवावर यायचं.

छापायला द्यायच्या दिवशी अण्णा स्वतः सांगलीला बघायला आले. लाल ओळ त्यांच्या नजरेतून सुटते कसली.

"ही का अडलीया?"

"फाइल आली न्हाई, अण्णा."

"मग वळ काढून टाक."

"घरच्यांबिगर कुणी हात लावायचा न्हाई, नियम तुमचाच हाय. मी दिल्या घरची. काढायची तर तुमीच काढा."

अण्णांनी चष्मा पुसला. खिडकीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. येरझारांचा हा रोग घराण्यातलाच म्हणायचा. शेवटी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "लिही."

ते सांगत गेले, ती लिहीत गेली. "अवधूत. ट्रेनिंग पुरं केलं न्हाई. फलटणला कारखान्यात असतो. ह्याच घरचा हाय."

पुस्तक कुठेही न अडता शेवटपर्यंत चाललं. विनोदिनीला रडू आवरेना. अण्णा मात्र अजून अस्वस्थच होते. त्याला विचारल्याशिवाय छापू नको म्हणाले.

तिने फलटणला फोन लावून पान वाचून दाखवलं. पलीकडे कारखान्याची घरघर चालू होती. त्या आवाजातच अवधूतने विचारलं, "हे कुणी लिवलं, ताई?"

तिने फोन अण्णांच्या कानाला लावला.