तीन नंबरचा माग

अंबरनाथ एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत एलिजा पेझारकरांचे चार माग आहेत. बॅगांना लागणारी सुती पट्टी त्यांवर विणली जाते. एलिजांचे यहुदी पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी बैल सोडून ठेवीत. म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. आजोबा मुंबईत, बगदादहून आलेल्या यहुदी शेठच्या गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांचे मुकादम झाले. पुढे शेठ विलायतेला गेले, बरेच नातेवाईक इस्रायलला. वडिलांनी भंगारात निघालेले हे माग इथे आणले. शनिवारची सुट्टी तेवढी जुनीच राहिली.

आता गिऱ्हाईक एकच उरलं होतं, उल्हासनगरचा अल्पेश. "अंकल, संडे को दो हजार मीटर चाहिए. नहीं तो मैं चायना का उठा लूँगा, फिर बोलना मत."

शुक्रवारी संध्याकाळी तीन माग थांबले होते. तिसऱ्या नंबरचा मात्र चालू ठेवला होता, अजून थोडं होईल म्हणून. त्या थोड्यात सूर्य बुडाला, शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा लागला, आणि नेमका तेव्हाच ताण्याचा उभा धागा तुटला. जुना माग आपोआप थांबत नाही. पट्टीवर फट पडत गेली, वीतभर, हातभर. एलिजा हात मागे बांधून बघत राहिले. शब्बाथला बटणाला हात लावायचा नाही, दुसऱ्याला सांगायचंही नाही.

एकोणीस वर्षं इथे काम करणारी शीलाबाई धावत आली.

"शेठ, धागा गेला! बंद करू?"

एलिजांनी हात मागेच ठेवले.

"अहो, नुसतं हूं तरी करा. तुमचा देव काय मोटरीत बसलाय?"

"मी काही सांगू शकत नाही, शीलाबाई."

"नका सांगू. माझ्या हातची पट्टी आजवर कुणी परत केलेली नाही." तिने खटका पाडला.

शांतता इतकी आली की दोघांनाही अवघडल्यासारखं झालं.

"उद्या मी एकटी येते," ती म्हणाली. "मला कुठे तुमचा शनिवार? चावी ठेवून जा फक्त."

एलिजांना तो मोह झाला. ते खाली बसले.

"सुट्टी घरच्या नोकरालाही द्यायची, असं आमच्या धर्मग्रंथात लिहिलंय. मी सोयीचं तेवढंच कसं पाळू?"

"मग ऑर्डर?"

"रविवारी पहाटे या. होईल तेवढी करू."

तीनशे मीटर कमी पडले. अल्पेशने होता तो माल उचलला, पण पुढची ऑर्डर दिली नाही.

सोमवारी शीलाबाई रिकाम्या मागासमोर उभी राहिली. "कुठला रंग लावू, शेठ?"

"काळा लावा," एलिजा म्हणाले. "काळी पट्टी कुणालाही लागते."